सकुआतेला कसं कळलं

शहापूर, ३ ऑगस्ट

सकुआते,

'पायावर डोकं ठेवते' असं लिहिणार होते, पण तू पाय मागे घेशील हे ठाऊक आहे. म्हणून नुसतंच 'सकुआते'.

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस. 'कोण?' असंसुद्धा विचारत नाहीस, म्हणजे आवाज ओळखतेस, एवढंच माझं समाधान. तीन वर्षं हे चाललंय. शेवटी म्हटलं, पत्र लिहावं. पत्र मध्येच कापता येत नाही. फार तर चुलीत घालशील, पण आत काय आहे ते कळल्याशिवाय घालणार नाहीस. भाची कुणाची आहे मी!

वाचून दाखवणार अर्थात जयरामदादा. जयरामदादा, नमस्कार. तुमची टपालाची पिशवी आणि तुमचा गुडघा, दोन्ही बरे असोत. तुम्ही आतेच्या ओट्यावर बसून वाचणार, म्हणजे शेजारची रंभाकाकू सूप घेऊन तांदूळ निवडायला नेमकी तिथेच येणार, हेही मी धरून चालले आहे. काकू, आधी तांदळातले खडे बघा, माझ्या पत्रातले नंतर काढा.

आता बातमी. मी पुढे शिकायचं ठरवलंय. शहापूरच्या दवाखान्यात चार वर्षं झाली. परवा मेट्रनबाईंनी बोलावलं आणि तीन कागद पुढ्यात टाकले. पहिला कागद, नर्सिंगच्या कॉलेजात शिकवणारी बाई होण्याचा. तो मी तिथेच परत दिला. मला वर्गात उभं राहून बोलायला लावलं तर माझी काय अवस्था होते ते तू शाळेच्या गॅदरिंगला बघितलंयस. दुसरा कागद बाळंतपणाचा. दीड वर्षाचा कोर्स, कल्याणच्या अलीकडे, दर रविवारी घरी येता येईल. तो केला की साधी बाळंतपणं डॉक्टरशिवाय, आपल्या जबाबदारीवर करायची. तिसरा आयसीयूचा, पुण्याला, दोन वर्षं. अगदी जिवावर बेतलेले पेशंट, नळ्या, पडदे, आकडे. तिथे शिकलेली नर्स नुसती सांगकामी राहत नाही, डॉक्टरांच्या बरोबरीने ठरवते. नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात तिला.

बाबांना विचारलं. तुझा भाऊ तो तुझा भाऊच. म्हणाला, "जिथं एस.टी. थेट जाते तिथं जा." मेट्रनबाई म्हणतात, पुणे. मीही म्हणते, पुणे. यंत्रांची मला भीती वाटत नाही. यंत्रं निदान अबोला धरत नाहीत.

अर्ज दोन्हीकडे भरलेत. पुण्याच्या अर्जात एक प्रश्न होता: तुमच्या कोणत्या निर्णयामुळे पेशंटचा जीव वाचला? पाचशे शब्दांत लिहा. मी छायाच्या बाळंतपणाचं लिहिलं. तिला आपण जीपमधून धसईवरून मुरबाडला नेलं, ते. तुझाही उल्लेख केलाय.

तर आते, दुसरा कागद की तिसरा? एक शब्द पुरे. जयरामदादा तो मला कळवतील.

तुझी
रंजिता


शहापूर, १९ ऑगस्ट

सकुआते,

एक शब्दसुद्धा नाही. पण जयरामदादांचा फोन आला होता. म्हणाले, "तुझी आते ऐकते गो. मान वर करत नाय, शेळीला पाला घालत बसते. पण ती शेळी काय एवढा पाला खात नाय." मला इतकं हसू आलं की वॉर्डातल्या आज्या बघायला लागल्या.

नंतर म्हणाले, 'तुझाही उल्लेख केलाय' हे वाक्य आलं तेव्हा तू हसलीस. आणि ते हसणं बरं नव्हतं.

म्हणून लिहिते. उल्लेख असा केलाय: 'एका स्थानिक महिलेच्या मदतीने.' बस, एवढाच. तुझं नाव नाही. तू सुईण आहेस हेही नाही. ज्या बाईने मला स्वतःला या जगात ओढून काढलं, पाड्यातल्या निम्म्या माणसांची नाळ जिच्या हातून कापली गेली, ती माझ्या अर्जात स्थानिक महिला झाली.

जयरामदादा, इथून पुढे जरा हळू वाचा. काकूंना ऐकू जाणार नाही इतपत.

आते, पाटाचं बोलायचं आहे. छाया दवाखान्यातून घरी आल्यावर, तिच्या बाळाची पाचवी नवव्या दिवशी झाली. पाटा-वरवंट्यापुढे तिच्या सासूने पाट मांडला, हळदी-कुंकू, खण-नारळ, सुपात तांदूळ आणि वर घडी न मोडलेलं लुगडं. पाचवीचा पाट सुईणीचा असतो, हे मी लहान असल्यापासून बघतेय. तुझ्या मांडीवर बसून मी त्या पाटावरचे पेढे खाल्लेत. तरी सासू म्हणाली, "या सिस्टर, बसा," आणि मी बसले. तू दारातून आत येत होतीस. हात-पाय धुऊन, केसांना तेल लावून. मी तुला बघितलं आणि पाटावरून उठले नाही.

तेव्हा मी मनाशी म्हणत होते, नाही म्हटलं तर सासूला वाईट वाटेल, चारचौघांत कशाला. हे खोटं आहे. मला छान वाटत होतं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

ते लुगडं मी नेसले नाही. ट्रंकेत तळाशी ठेवलंय. या पत्राबरोबर पार्सल करतेय, ते तुझं आहे.

पुण्याचं मुलाखतीचं बोलावणं आलंय, दोन सप्टेंबरला. पण आता मी दुसऱ्या कागदाचा विचार करायला लागलेय. बाळंतपणाचं शिकेन, पाड्याजवळ राहीन, तुझंच काम पुढे नेईन. मग तरी तू बोलशील? असं लाडीगोडी लावून कोर्स निवडतात का, ते मला माहीत नाही. पण मला तू बोलायला हवी आहेस, हे खरं आहे. रविवारी सगळ्यांच्या घरचे फोन येतात, त्यात मला तुझा आवाज आठवतो. "जेवलीस का गो" एवढाच.

रंजिता


शहापूर, ६ सप्टेंबर

सकुआते,

जयरामदादा, हे पत्र मोठ्याने वाचा. रंभाकाकू नसतील तर बोलावून आणा. छायाच्या घरी निरोप पाठवा, तिच्या सासूलाही. पाचवीला जेवढी माणसं होती तेवढी जमू देत. मी थांबते.

आली का सगळी? मग ऐका.

मी पुण्याला गेले. मुलाखतीला तिघं होती. दोन डॉक्टर, आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई, ज्यांनी तीस वर्षं आयसीयूत काढलीत. डॉक्टरांनी औषधं विचारली, मात्रा विचारल्या, मी घडाघडा सांगितलं. बाई माझा अर्ज वाचत होत्या. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "तुम्ही इथं लिहिलंय, रक्तदाब एकशेदहा-सत्तर होता. चांगला होता. मग पेशंटला हलवायचं का ठरवलंत?"

मी म्हटलं, "लक्षणांवरून."

"नाडी किती होती?"

आते, नाडी मी मोजलीच नव्हती. कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट. हातात नवीन मशीन होतं, त्याने चांगला आकडा दाखवला, आणि मला वाटलं झालं, जिंकलो. कसलातरी आकडा ठोकून दिला असता तर चाललं असतं. तिथे कोण होतं विचारायला? मी तोंड उघडलं, तो आकडा बोलायला. आणि मला दारातून येणारी तू दिसलीस, केसांना तेल लावलेली.

मी म्हटलं, "मोजली नव्हती. आणि पेशंटला हलवायचं मी ठरवलंच नव्हतं. मी थांबा म्हणत होते."

मग सगळं सांगितलं. ते आता तुम्हा सगळ्यांना सांगते, कारण तुम्हाला तीन वर्षं उलटंच माहीत आहे.

छायाचं बाळंतपण सकुआतेने केलं. गाडी यायच्या आतच बाळ आलं, वेळच मिळाला नाही. मी रजेवर घरी आले होते म्हणून तिथे होते. वार पडली, रक्त बेताचंच दिसत होतं. मी मशीन लावलं आणि सांगितलं, सगळं ठीक आहे. आते छायाच्या पायाशी बसली होती. तिने एकदा छायाकडे बघितलं, पाय चाचपले, आणि उठून म्हणाली, "जीप बोलवा. आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, आते, मशीन चांगलं सांगतंय. ती म्हणाली, "मशीनला बसव इथं, आमी जातो." धसईची वडापची जीप तिने शिव्या घालून उलटी फिरवली. मुरबाड येईपर्यंत छायाचं पोट दाबून धरलं, एकदासुद्धा हात काढला नाही. मी शेजारी बाळ घेऊन बसले होते. दवाखान्याच्या दारात सांगितलं, सोबतीला एकाच बाईने आत यायचं. गणवेश माझ्या अंगावर नव्हता, पण ओळखपत्र होतं. मी आत गेले. रक्त आतल्या आत साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, अजून पाव तास उशीर झाला असता तर कठीण होतं. वेळेवर ओळखलंत." आणि मी म्हटलं, "हो."

ते 'हो' मी पाड्यात घेऊन आले. त्याच 'हो'वर पाटावर बसले, आणि तेच पाचशे शब्दांत लिहून पुण्याला पाठवलं.

छाया, तुला सकुआतेने वाचवलं. तुझा मुलगा आता तीन वर्षांचा झालाय, त्यालाही सांगून ठेव.

हे सगळं ऐकल्यावर एका डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं. पण त्या बाई पुढे झुकून म्हणाल्या, "मग तुमच्या आत्याला कसं कळलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"तीन वर्षांत?"

"नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "मी आयसीयूत हेच शिकवते. आकडा पडायच्या आधी माणूस काय सांगत असतो ते. आणि तुमच्या घरात शिकवणारी असताना तुम्ही माझ्याकडे आलात. आधी त्यांना विचारा."

मी रडत बाहेर आले. स्वारगेटला वडापाव खाल्ला, तोही रडतच. वडेवाल्याने मिरची काढून घेतली, त्याला वाटलं तिखट लागलं.

आज निरोप आला. आते, मला घेतलंय. पुण्याची जागा मिळाली. वीस तारखेपर्यंत होकार कळवायचा. बाळंतपणाच्या कोर्सची जागाही आहे, तिचीही मुदत तीच. दोन्ही कागद उशाशी आहेत. कुठेच सही केलेली नाही.

तू बोल किंवा नको बोलूस. पण एवढं सांग, आणि हे मी तीन वर्षांपूर्वी जीपमध्येच विचारायला हवं होतं. आते, तुला कसं कळलं?

रंजिता


सकुबाईंचा ओटा, धसई, १३ सप्टेंबर

चि. रंजिता हीस,

सकुबाईंच्या सांगण्यावरून जयराम लिहितो. त्या म्हणतात, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करू नको. म्हणून तसंच लिहीत आहे.

"लुगडं मिळालं. रंग भिकार हाय. पाचवीला मला दिलं असतं तरी मी नेसलं नसतं.

तुझं पत्र सगळ्यांनी ऐकलं. ओट्यावर जागा नव्हती, पोरं गोठ्याच्या वळचणीला उभी व्हती. छायाची सासू रडली, मग रंभा रडली, तिचं काय, ती कशालाबी रडते. छायाने पोराला माझ्या मांडीवर टाकलं. त्याने माझी मिशरीची डबी सांडली.

आता ऐक. तुला वाटतं मी पाटासाठी रुसले. पाटाचा मला राग आला, खोटं का बोलू? तेल लावून आले व्हते. पण तो राग आठ दिसांत गेला. नाडी तू मोजली नायस ते मला तवाच म्हायती व्हतं. तुझा डोळा त्या मशीनवरच व्हता, मी बघितला. बावीस-तेवीस वर्साची पोर, पयल्यांदा तसलं बघतेय, घाबरणारच. मी कुणाला बोलले नाय.

राग याचा, की तू विचारलं नायस. एवढी शाळा शिकली, मुंबईला जाऊन शिकली, आणि घरात बसलेली बाई, तिला कसं कळलं ते विचारावं असं एकदा नाय वाटलं? फोन करायचीस तर 'आते कशी हायस', 'आते रागावू नको'. मी ठेवून द्यायची. मी म्हणायची, ते विचारल तवा बोलीन.

विचारलंस. तर सांगते.

छाया जांभया देत व्हती. बाळंतीण दमली की डोळे मिटते, जांभया देत नाय. जांभईवर जांभई, म्हंजे वारा पुरत नाय तिला. मग पाणी मागलं. दिलं, परत मागलं. मग मी पायाची बोटं धरली. पाय गरम आणि बोटं गार. गार वर चढत येतं, पोरी. घोट्यापर्यंत आलं का मग धावून उपेग नाय.

हे मला कुणी शिकवलं नाय. माझी थोरली जाऊ, गंगी, तिचं नाव तू ऐकलं असशील. ती अशीच पाणी मागत गेली. मी सतरा वर्साची, तिच्या पायाशी बसलेली. तिची बोटं माझ्या हातात गार झाली आणि मला वाटलं, थंडी वाजते, म्हणून मी गोधडी घातली. तवापासनं मी आधी बोटं बघते. पोर बघायच्या आधी बोटं.

आता कागदाचं. बाळंतपणाचं शिकून माझ्या शेजारी बसायला येणार, म्हणतेस. कशाला? शेजारी बसायला रंभा हाय. बाळंतपणं आता सगळी दवाखान्यात व्हतात, व्हावीत, मी सोताच धाडते. मला जे येतं ते मी तुला या एका कागदात सांगून टाकलं. त्याला दीड वरीस लागत नाय.

पण मला एक येत नाय. पोरी, जाणारं माणूस मला कळायचं. किती बाया, किती म्हातारे, एकदा तर तुझा आजा. मला कळायचं, आणि मी बोटं धरून बसायची. थांबवायचं कसं ते नाय कळायचं. त्या दिवशी जीप व्हती म्हणून. जीप नसती तर मला कळून काय व्हणार व्हतं?

तू ते शिक. थांबवायचं शिक. पुण्याला जा.

जेवलीस का गो?"

सकुबाईंचा मजकूर संपला.

ता. क. हे माझं. लुगडं भिकार म्हणाल्या, पण मजकूर सांगताना नेसूनच बसल्या होत्या. वाचून झालं की फाडून टाक, त्यांना कळलं तर माझं टपाल बंद होईल. — जयराम


पुणे, २३ डिसेंबर

सकुआते,

फोनवर काल हे सांगता आलं असतं, पण ओट्यावर सगळ्यांसमोर वाचलं जावं म्हणून लिहिते. काकू, सूप खाली ठेवा.

इथे माझ्याकडे तीन पेशंट असतात. ड्यूटीवर आले की बाकीच्या मुली आधी पडद्याकडे बघतात, मी पांघरुणाच्या टोकाकडे जाते आणि पायाची बोटं धरते. पहिले दोन महिने माझी खूप चेष्टा झाली. मला 'पेडिक्युअर' म्हणतात. म्हणू देत.

मंगळवारी दुपारी माझ्याकडे ऑपरेशन झालेली एक बाई होती, लोणावळ्याच्या बाजूची, शेतकरी, तुझ्याएवढी. पडद्यावर सगळं छान. रक्तदाब छान. नाडी थोडी जलद. नाडी मी आता मोजते हो, दोनदा मोजते. ती मला म्हणाली, "ताई, पाणी द्या ना." ओठ ओले केले. परत म्हणाली, "पाणी." मग तिला जांभई आली. मग दुसरी.

मी बोटं धरली.

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, आकडे तर बरे आहेत. मी म्हटलं, "सर, एकदा पायांना हात लावून बघा." त्यांनी लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. मग काय करायचं ते मला येत होतं, आते. रक्त मागवलं, दुसरी सुई लावली, पोटाची सोनोग्राफी व्हायच्या आत थिएटरला कळवलं होतं. टाका सुटून आत रक्त साचत होतं. पावणेदोन तास लागले.

त्या पांढऱ्या केसांच्या बाई नंतर नोंदवही तपासायला आल्या. त्यात एक रकाना असतो, धोका प्रथम कोणाच्या लक्षात आला. मी लिहिलं होतं: 'सकुबाई, सुईण, धसई. त्यांच्या सांगण्यावरून रंजिता.' मला वाटलं, खोडायला सांगतील. त्यांनी वाचलं आणि खाली सही केली.

आज सकाळी त्या बाईने चहा प्यायला. अर्धा कप, बशीत ओतून. मी पायथ्याशी गेले आणि पांघरुणात हात घातला, तर ती म्हणाली, "काय शोधताय, ताई?"

बोटं गरम होती. चुलीजवळ बसल्यासारखी गरम.

थांबली, आते.

रंजिता
(जेवले.)